चाळिशीनंतरची कंपनी, हमीपत्र आणि मन : वाचकांची प्रश्नोत्तरे

इंदूरच्या मराठी घरांत होळकरी कचेऱ्यांपासून बँकांपर्यंत नोकरीचा वारसा मोठा आहे. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर नोकरी सोडून स्टार्टअप काढणाऱ्याच्या मनावर तोट्याच्या भीतीबरोबर घराण्याच्या सवयीचेही दडपण असते. मी समुपदेशक असले तरी अशा प्रश्नांत कर्जाचे कागद पाहायला मागते, कारण ज्या भीतीने झोप उडते ती पुष्कळदा कोणत्या तरी सहीशी बांधलेली असते आणि त्या सहीचा नेमका अर्थ घरात कोणालाच ठाऊक नसतो.

प्रश्न : मी 46 वर्षांचा असून लोकमान्य नगरात राहतो. आयटीमधील जुनी नोकरी सोडून मालवाहतूकदारांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी काढली. बचत ओसरत चालली आहे. हा निर्णय मी विचाराने घेतला की चाळिशीच्या अस्वस्थतेपोटी, अशी शंका आता छळते.

उत्तर : मध्यमवयीन संकट ही संकल्पना एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने 1965 मधील एका निबंधात मांडली. आपल्यालाही मृत्यू आहे ही जाणीव या वयात खरी होऊ लागते, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढील पाहण्यांत मात्र बहुसंख्य लोकांनी असे संकट अनुभवल्याचे सांगितले नाही, आणि ज्यांनी सांगितले त्यांतील अनेकांच्या बाबतीत मूळ कारण वय हे नसून नोकरी जाणे, आजारपण किंवा घरातील ताटातूट हे होते. त्यामुळे मनात अस्वस्थता होती एवढ्यावरून आपला निर्णय अविचाराचा ठरत नाही.

वयाची धास्तीही फार बाळगू नये. पिएर अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात संस्थापकांचे सरासरी वय सुमारे 42 आढळले, आणि सर्वाधिक वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांच्या बाबतीत ते 45 होते. त्याच क्षेत्रातला आधीचा अनुभव यशाला पोषक ठरतो, हेही त्यात दिसले. हा आकडा मात्र आपल्या यशाची शाश्वती नव्हे. आपली कसोटी देवास नाक्यावर आणि ट्रान्सपोर्ट नगरात आहे : मोफत वापराची मुदत संपल्यावर वाहतूकदार पैसे भरून पुढे चालू ठेवतात का? ठेवत असतील, तर आणखी किती रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत घालायची हे आजच लिहून काढावे आणि तो कागद पत्नीला दाखवावा. एक वर्षाच्या घरखर्चाला त्यातून हात लागता कामा नये.

प्रश्न : मी 43 वर्षांची आहे. यजमानांच्या कंपनीला दुसरे कर्ज हवे आहे आणि जामीनदार म्हणून बँकेला माझी सही हवी आहे. सुदामा नगरातील घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. पहिल्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला कापला जातो, म्हणून 4 तारखेच्या रात्री हे बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतात आणि पहाटेपासून फोन हातात धरून बसतात. सही नाकारली तर त्यांना माझा विश्वास उरला नाही असे वाटेल.

उत्तर : या सहीची घाई कृपया करू नये. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत भागधारकाची जबाबदारी मर्यादित असते हे खरे. पण वैयक्तिक हमी दिली की ती मर्यादा हमी देणाऱ्यापुरती संपते. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि आधी कंपनीकडून वसुली करून मगच जामीनदाराकडे यावे असे बंधन बँकेवर नसते. कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना दिवाळखोरी संहितेखाली आणणारी 2019 मधील अधिसूचनाही सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये वैध ठरवली आहे. म्हणजे ही सही केल्यास घरातील दोघांचेही भवितव्य एकाच धंद्याला जोडले जाईल.

म्हणून पहिल्या कर्जाचे मंजुरीपत्र आणि हमीपत्र मागून घ्यावे, आणि ते बँकेशी संबंध नसलेल्या वकिलाकडून वाचून घ्यावे. हमीची रक्कम ठरावीक आहे की पुढच्या सर्व कर्जांनाही ती लागू होते, हे त्यात पाहायचे आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या सीजीटीएमएसई या सरकारी पतहमी योजनेत 10 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण किंवा त्रयस्थाचा जामीन न घेता हमी मिळू शकते. यजमानांनी शाखेत या योजनेची लेखी मागणी करावी. ही हमी बँकेला मिळते, कर्जदाराचे देणे त्याने माफ होत नाही. मात्र तुम्ही कंपनीत संचालक किंवा भागधारक नसाल तर तुमची सही टळण्याची शक्यता आहे.

यजमानांचा नवा आयुर्विमा घ्यायचा असेल तर तो 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्यावा. पॉलिसी घेतानाच तसा स्वतंत्र अर्ज भरला, तर ती रक्कम पत्नी आणि मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते आणि, पॉलिसी धनकोंना फसवण्यासाठी घेतलेली नसेल तर, तिच्यावर त्यांचा हक्क लागत नाही.

आता सोफ्याविषयी. बोलणे 4 तारखेला काढू नये. महिन्याच्या मध्यावर, एखाद्या रविवारी सकाळी, हिशेबाची वही पुढे ठेवून काढावे. “सही करणार नाही” एवढेच बोलून थांबू नका. “हे घर राहिले तर उद्या तुम्हाला पुन्हा उभे राहता येईल, म्हणून मी सही करत नाही” असे पूर्ण वाक्य बोलावे. ते खरे आहे आणि त्यात अविश्वास नाही. निद्रानाश आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : वय 51. पीथमपूरच्या कारखान्यांसाठी तपासणीची यंत्रे बनवतो. बिले चार-चार महिने अडकतात. पगार चुकू नयेत म्हणून दोन महिन्यांचा टीडीएस आणि पीएफ भरलेला नाही. कंपनी बंद केली तर नातलगांत तोंड कसे दाखवू? माझा विमा आहे, घरच्यांना तेवढाच आधार.

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत गंभीर वाटते, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. आपण गेल्याने घरच्यांची सोय होईल असा विचार मनात येत असेल, तर आजच पत्नीला किंवा विश्वासातल्या एखाद्या व्यक्तीला तो स्पष्ट शब्दांत सांगावा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करावा; तेथे दिवसरात्र प्रशिक्षित समुपदेशक असतात. हा विचार अतिताणात येतो आणि उपचारांनी ओसरतो. तोवर कंपनीविषयी कोणताही मोठा निर्णय एकट्याने घेऊ नये.

पैशाचा क्रम बदलावा लागेल. पगारातून कापलेला टीडीएस आणि कामगारांचा पीएफ हा आपला पैसा नव्हेच. तो न भरल्यास व्याज, दंड आणि फौजदारी कारवाईपर्यंत प्रकरण जाऊ शकते. बँक आणि पुरवठादारांशी मुदतीबाबत बोलता येते, येथे तशी सवलत फारशी मिळत नाही. थकबाकी आधी भरून पुढचा पगार उशिरा होणार असेल तर कामगारांना तसे समोर बसवून सांगावे. बिलांबाबत, आपली उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याने खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायला हवेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने बहुतेक जण ही तक्रार टाळतात, ते मी समजू शकते. पण जे गिऱ्हाईक आपल्याला टीडीएस बुडवायला लावते ते टिकवून काय हाती लागते, याचा विचार करावा.

बंद करावेच लागले, तर देणी फेडून रीतसर नोंदणी रद्द करण्याची तरतूद कंपनी कायद्याच्या कलम 248 मध्ये आहे. शटर ओढून निघून जाणे आणि हे यांत फार अंतर आहे, आणि नातलगांना काय सांगायचे हेही त्यावरच ठरते.

प्रश्न : मी 47 वर्षांची, राजेंद्र नगर. मैत्रिणीबरोबर खेळण्यांची ऑनलाइन कंपनी चालवते. वर्षभर चिडचिड, रात्री घाम, विसराळूपणा. ती म्हणते, तुझे मन उडाले. हिस्सा विकून मोकळी होऊ का?

उत्तर : सध्या विकू नये. भारतीय स्त्रियांत पाळी साधारणपणे 46-47 व्या वर्षी थांबते आणि त्याआधीची काही वर्षे ही लक्षणे नेहमी दिसतात. त्यांवर उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे, तसेच थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 आणि साखर तपासून घ्यावी. मैत्रिणीलाही हे कारण सांगावे. उपचार सुरू होऊन तीन-चार महिने गेल्यावर मन खरेच उडाले आहे असे दिसले, तर भागीचा करार काढून हिश्शाची किंमत कशी ठरवायची हे त्यात लिहिले आहे का ते पाहावे. लिहिलेले नसेल तर विक्रीची बोलणी सुरू होण्याआधी, दोघींना मान्य असलेल्या सनदी लेखापालासमोर ती पद्धत लिहून घ्यावी.