लपवलेला पालक

"मॅडम, आता तो साधी पोळीसुद्धा उजेडात धरून बघतो," हे सांगताना त्या आईचा गळा दाटून आला. मुलगा साडेतीन वर्षांचा. ताटात भाजी दिसली की तोंड घट्ट मिटायचं. खाणं म्हणजे पोळी, वरणभात, केळं आणि दूध. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

त्यांनी पालक उकडून, मिक्सरमधून काढून, गाळून कणकेत मळायला सुरुवात केली. आत भाजी आहे हे अर्थातच सांगितलं नाही. आठवडाभर छान चाललं. मग एके दिवशी पानाचा एक दोरा गाळणीतून सुटला आणि मुलाच्या जिभेवर आला. त्याने तो बोटांनी ओढून काढला, आईकडे पाहिलं आणि ताट ढकललं. तेव्हापासून पांढऱ्या पोळीचेही तुकडे करून तो आत काय आहे ते तपासायचा.

"अंगी काय लागणार याच्या?" हा प्रश्न मी इतक्या जणींकडून ऐकला आहे! पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या जवळपास तिप्पट होतं. दोन वर्षांनंतर ते वर्षाला साधारण 2 किलोनेच वाढतं, म्हणून भूकही कमी होते. त्यात 2 ते 6 या वयात अनोळखी पदार्थाची धास्ती बऱ्याच मुलांना असते आणि कडवट चव त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त जाणवते. हा हट्टीपणा नव्हे, हे आधी त्या आईच्या मनात उतरायला हवं होतं. दूध किती, हेही विचारलं. दिवसाला पाऊण लिटर! मग जेवायला भूक कुठून राहणार? ते हळूहळू अर्ध्या लिटरवर आणायला सांगितलं.

भाजीचा पराठा करण्यात काहीच वावगं नाही, जरूर करावा. पण तो मुलाच्या डोळ्यांदेखत. लपवलेली भाजी पोटात जाते, ओळखीची मात्र होत नाही. आणि पकडले गेलो तर पोळीवरचाही विश्वास उडतो, जसा इथे उडाला.

आम्ही गाजरापासून सुरुवात केली, कारण ते गोडसर असतं. वाटीभर कणकेला फक्त दोन चमचे बारीक कीस. किसाला चिमूटभर मीठ लावून पाच मिनिटं ठेवलं की पाणी सुटतं. कणीक आधी त्याच पाण्यात भिजवायची, लागलं तरच वरून पाणी घालायचं, नाहीतर ती सैल होते आणि पराठा लाटताना फाटतो. कीस कणकेत टाकायचं काम मुलाचं. एक छोटी लाटी त्याची, हवी तशी थापू दे. भाजताना थोडं तूप, कारण गाजरातलं कॅरोटीन स्निग्धाबरोबर अंगात चांगलं शोषलं जातं. ताटात त्याची नेहमीची पोळी असणारच, शेजारी पराठ्याचा दोन बोटांएवढा तुकडा. "एकच घास खा ना" नाही, बक्षिसाचं आमिष नाही, खाल्लं म्हणून टाळ्याही नाहीत. काय वाढायचं ते आईने ठरवायचं, किती खायचं ते मुलाने. एखादी चव पटायला मुलांना दहा-पंधरा वेळाही लागतात. आपण बहुतेक जण चौथ्या वेळेलाच हात टेकतो.

वजन घटत असेल, घास गिळताना ठसका किंवा ओकारी येत असेल, किंवा खाण्यातले पदार्थ एकेक करून गळत असतील, तर मात्र थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पहिले तीन आठवडे त्याने स्वतःची लाटी थापली आणि भाजून झाल्यावर बाबांना भरवली. आईला वाटलं, फसलं सगळं. मी म्हटलं, हात लावतोय ना, चालू ठेवा. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. पालकाची जुडी निवडत असताना तो शेजारी येऊन बसला होता. एक पान हातात घेऊन, वास घेऊन म्हणाला, "आज हिरवा नको, केशरी कर. पण हे पान मी टाकणार."

त्यांनी केशरी केला. त्यात एक पान होतं, त्याने स्वतःच्या हाताने टाकलेलं.