विमानातलं विचारा : मॅक्सवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

प्रश्न : मुलगी बंगळुरूला असते. तिच्याकडे जायला जावयांनी पुण्याहून तिकीट काढून दिलंय. विमान बोइंग ७३७ मॅक्स असल्याचं दिसलं आणि मन खात बसलं. जावई म्हणतात, "आई, तो प्रश्न केव्हाच सुटला." मग २०२४ मध्ये हवेत दार उडाल्याची बातमी आली ती कसली? विश्वास ठेवायचा तर कशाच्या जोरावर? आणि आपण बसतोय ते मॅक्सच आहे हे ओळखायचं कसं?
— सुनंदा, मिरज

उत्तर : सुनंदाताई, जावयांचं म्हणणं विमानापुरतं खरं आहे. ते बनवणाऱ्या कंपनीबद्दल मला तसं म्हणवत नाही.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचं मॅक्स जाकार्ताहून निघून जावा समुद्रात पडलं, १८९ जण गेले. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचं मॅक्स अदिस अबाबाहून उडाल्यावर सहा मिनिटांत कोसळलं, १५७ जण गेले. दोन्हीकडे मुळाशी होती एमकॅस ही प्रणाली. नाक जास्त वर गेलंय असा संकेत मिळाला की ती आपोआप नाक खाली दाबायची. विमानावर कोन मोजणारे दोन सेन्सर होते, पण ती एका वेळी एकाचंच ऐकायची. शिवाय लायन एअरच्या अपघातापर्यंत वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये तिचा उल्लेखच नव्हता.

माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली, म्हणून लायन एअरच्या अहवालातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. आदल्या दिवशी त्या विमानाला सेन्सर बदलून दुसरा बसवला होता आणि तो सुमारे २१ अंशांनी चुकत होता. त्या रात्रीच्या फेरीतही विमान असंच नाक खाली घालत होतं. त्या वैमानिकांनी ते सांभाळून उतरवलं. पण कंट्रोल कॉलम, म्हणजे वैमानिकाच्या हातातला दांडा, धोक्याचा इशारा म्हणून सतत हादरत होता, ही सर्वांत गंभीर खूण त्यांनी लॉगबुकात नोंदवली नाही. हँगरमधला इंजिनिअर स्नॅग, म्हणजे बिघाड, शोधतो तो लॉगबुकातल्या नोंदीवरून. नोंद अर्धी, तर दुरुस्तीही अर्धी. सकाळी तेच विमान प्रवासी घेऊन निघालं.

पुढे जे झालं त्यानं माझा विमानावरचा विश्वास परत आला. अमेरिकेत हे विमान २० महिने जमिनीवर राहिलं. एमकॅस आता दोन्ही सेन्सरचं ऐकते, दोघांत ५.५ अंशांहून जास्त फरक पडला की गप्प बसते, एका प्रसंगी एकदाच नाक दाबते आणि वैमानिकाच्या हाताच्या जोरापुढे तिचं चालत नाही. सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. हे बदल आधी जाहीर करून लोकांची मतं मागवली गेली. एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह डिक्सन यांनी ३० सप्टेंबर २०२० रोजी स्वतः ते विमान उडवलं. चांगलंच केलं, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की अमेरिकेनं हो म्हटल्यावरही बरेच देश लगेच हो म्हणाले नाहीत. युरोपनं स्वतःची तपासणी करून जानेवारी २०२१ मध्ये परवानगी दिली, आपल्या डीजीसीए या विमान नियामक संस्थेनं ऑगस्ट २०२१ मध्ये. चीननं त्याहून उशीर केला.

एप्रिल २०२२ मध्ये डीजीसीएनं एका भारतीय कंपनीच्या ९० वैमानिकांना मॅक्स उडवायला मनाई केली. त्यांचं प्रशिक्षण ज्या सिम्युलेटरवर झालं, त्यातली कॉलम हादरवणारी यंत्रणाच नीट चालत नव्हती. पुन्हा शिका, मग उडवा, असा आदेश निघाला. 'विमान सुरक्षित आहे' असं शंभरदा सांगितल्यानं जे होणार नाही, ते अशा एका आदेशानं होतं.

आता त्या दाराचं. ५ जानेवारी २०२४ रोजी पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स ९ चं, वापरात नसलेल्या दाराची जागा बंद करणारं पॅनल सुमारे १६,००० फुटांवर उडालं. शेजारच्या दोन जागा रिकाम्या होत्या, सगळे वाचले. ते पॅनल कारखान्यात रिव्हेटच्या कामासाठी काढलं होतं आणि परत लावताना चार बोल्ट बसवलेच नाहीत. ते काढल्याची नोंद बोइंगला दाखवता आली नाही. ताई, एमकॅसपेक्षा मला याची भीती जास्त वाटते. आमच्या धंद्यात काढलेल्या प्रत्येक भागाचा कागद लागतो आणि त्याखाली माणसाची सही लागते. सही नसेल तर विमान हलत नाही. ३४६ माणसं गेल्यानंतरही बनवण्याच्या जागी ही शिस्त नव्हती, याची चीड अजून गेलेली नाही. एफएएनं नंतर महिन्याला ३८ मॅक्सची मर्यादा घातली, ती योग्यच होती. कारखाना सुधारला की नाही हे त्याच्या जाहिरातींवरून कळायचं नाही, तपासनिसांना रोज काय सापडतं त्यावरून कळेल.

तुम्ही जरूर जा. माझ्या घरच्यांना मी या विमानातून पाठवतो. फक्त 'प्रश्न सुटला' असं जावयांसारखं मी म्हणणार नाही.

ओळखायचं तर पंखाचं टोक बघा, त्याला एक पातं वर आणि एक खाली असतं. इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते दिसतात. पुढच्या सीटच्या खिशातल्या सुरक्षा-कार्डावरही मॉडेल छापलेलं असतं, कधी नुसतं '७३७-८' असं. ऐन वेळी विमान बदलू शकतं, म्हणून तिकिटावरच्या नावावर विसंबू नका.