घरसभा (घरी जमून बायबल वाचन आणि प्रार्थना) पहिल्यांदा घेताना
8-10 जणच बोलवा. चाळीतल्या खोलीत त्याहून जास्त झाले की निम्मे नुसते ऐकतात. साडेसातची वेळ दिलीत तर लोकलमुळे पावणेआठ होणारच, पण नऊला प्रार्थना करून उठा, नाहीतर विरारवाले हळूहळू गळतात.

बायबलमधला उतारा एकच. समजा मार्क 4:35-41, येशू वादळ शमवतो तो. ‘शिष्य कशाला घाबरले?’ एवढं विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. सभा चालवणारे नवखे लोक तिसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देतात, मग त्याचं प्रवचन होतं. वादळ शमल्यावरही ते घाबरलेच, हे 41व्या वचनात कुणाला तरी आपणहून सापडू द्या.

प्रार्थनेच्या विनंत्या व्हॉट्सअ‍ॅपवर नकोत. घरातली भांडणं मंडळीभर होतात! दुसऱ्या महिन्यापासून 10 मिनिटं दुसऱ्याला चालवू द्या. अडखळला तर मध्ये पडू नका, नंतर चहाला एकट्यालाच सांगा.