वेल्शमधल्या 'गुइबोद' या क्रियापदाचा अर्थ काय, ते कुठून आलं आणि ते कसं चालवतात?

गुइबोद म्हणजे माहीत असणं. माणूस किंवा गाव ओळखीचं असेल तर मात्र हे क्रियापद चालत नाही, तिथे 'अद्नाबोद' लागतं. आपण मराठीत 'माहीत आहे' आणि 'ओळखतो' यांत गल्लत करत नाही, त्यामुळे हा फरक तुम्हाला जड जाऊ नये.

मूळ सांगताना मला खरा आनंद होतो. या शब्दाचे दोन तुकडे आहेत. पहिला संस्कृत 'विद्' धातूचा सख्खा नातलग, म्हणजे वेद, विद्या, विद्वान यांच्याच कुळातला. दुसरा 'बोद' म्हणजे असणे, आणि तो 'भू' धातूच्या घरातला. सुरुवातीचा 'ग' बघून फसू नका. शब्दारंभीच्या जुन्या 'व'चा वेल्शमध्ये 'ग्व' झाला: विधवेला तिथे 'ग्वेदु' म्हणतात, आणि आपल्या 'वीर'चा भाऊ 'गूर' म्हणजे पुरुष, नवरा. संस्कृतचं युरोपातल्या भाषांशी असलेलं हे नातं 1786 साली कोलकात्यात ज्यांनी जाहीरपणे मांडलं त्या भाषापंडित विल्यम जोन्स यांचे वडील वेल्सच्या अँगलसी बेटावरचे होते, हेही इथे आठवतं.

आता रूपं. वर्तमानकाळ अनियमित आहे, तो पाठच करावा लागतो. मला माहीत आहे: गुन. तुला: गुइदोस्त. त्याला किंवा तिला: गूइर. आपल्याला: गुइदोम. तुम्हाला: गुइदोख. त्यांना: गुइदान्त. यातला 'द' जीभ दातांत धरून, घर्षणाने उच्चारायचा. 'ख' उर्दू 'ख़बर'मधला. भूतकाळी 'मला माहीत होतं' हे 'गुइदुन'.

रोजच्या बोलण्यात मात्र ही रूपं कमी ऐकू येतात. तिथे 'बोद'ची रूपं मदतीला घेऊन 'दुइन गुइबोद' म्हणतात, म्हणजे मला माहीत आहे. तरीही जुनी रूपं ठरावीक वाक्प्रयोगांत टिकून आहेत, आणि माझ्या मते शिकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. 'वुन इ दिम' म्हणजे मला माहीत नाही. नकारात 'गुन'चा 'ग' गळतो. 'दिउ आ ऊइर', देव जाणे. आणि वाक्याच्या शेवटी सहज जोडलं जाणारं 'आम वुन इ', म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे.