निवृत्तीनंतर माजी सैनिकांसाठीच झटलेला नौदलातला एखादा अधिकारी सांगाल का?

माझ्या मते अमेरिकेचे अ‍ॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट. १९७० ते ७४ ते तिथले नौदलप्रमुख होते, पण त्यांची खरी गोष्ट आधीची आणि नंतरची.

१९६८ पासून व्हिएतनाममधलं नौदल त्यांच्या हाताखाली होतं. मेकाँग नदीच्या खाड्यांतून त्यांच्या छोट्या गस्ती बोटी जायच्या आणि काठच्या दाट झाडीतून अगदी जवळून गोळीबार व्हायचा. झाडी हटवायला त्यांनी ‘एजंट ऑरेंज’ हे पानं झडवणारं रसायन फवारायला लावलं. अशाच एका बोटीवर त्यांचा थोरला मुलगा अधिकारी होता. पुढे त्याला कर्करोग झाला आणि १९८८ साली, वयाच्या ४२व्या वर्षी तो गेला.

वडील खचून घरी बसले नाहीत. या रसायनामुळे आजार होतात का, या प्रश्नावर सरकारने सल्लागार नेमल्यावर त्यांनी १९९० साली दिलेल्या अहवालात आधीच्या सरकारी अभ्यासांची चांगलीच सालटी काढली. १९९१ साली कायदा झाला. व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्याला ठरावीक आजार झाला, तर ‘रसायनाचा संपर्क कधी, कुठे आला’ हे सिद्ध करत बसायची गरज उरली नाही. कज्जे-खटल्यांत अडकलेल्यांना हे केवढं मोठं, ते वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे फवारणीचा निर्णय चुकला असं ते कधीच म्हणाले नाहीत. त्याने जवानांचे जीव वाचले, यावर ते ठाम होते. पटो न पटो, मला हा सरळपणा आवडतो.

२००० साली ते वारले. समुद्रातल्या जहाजांवरच राहिलेल्या नौसैनिकांना मात्र या सवलतीसाठी २०१९च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं.