साक्षीदार रडू लागले तर कॅमेरा बंद करायचा का?

तुम्ही विचारलंय की चॅनलसाठी वंशसंहारावर चार भागांची डॉक्युमेंटरी करायची आहे, रवांडा आणि बोस्नियातून वाचलेल्या लोकांच्या मुलाखती आहेत, तर बोलता बोलता माणूस रडला तर कॅमेरा चालू ठेवावा का, आणि जुनं फुटेज किती वापरावं. अंधेरीच्या एडिट रूममध्ये अशा साक्षी अनेक वर्षं ऐकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्याचा निर्णय बोलणाऱ्याचा. तो शूटच्या आधीच विचारून ठेवायचा. काहींना थांबायचं असतं. काही जण सांगतात की थांबवू नका, परत सुरू करणं जमणार नाही. पण मला जास्त भीती वाटते ती प्रोमोची. दोन तासांच्या बोलण्यातून नेमके रडण्याचे सेकंद उचलले जातात, खाली संगीत येतं आणि तो चेहरा आठवडाभर मालिकांच्या ब्रेकमध्ये दिसत राहतो. त्या साक्षीदाराने होकार दिला होता तो आपली हकिगत सांगायला, जाहिरातीला नाही. त्यामुळे साक्षीदारांची दृश्यं दिग्दर्शकाच्या लेखी परवानगीशिवाय प्रोमोत जाणार नाहीत, हे करारातच घालून घ्या. सही व्हायच्या आधी चॅनल कुरकुर करत का होईना मानतं. नंतर कोणी ऐकत नाही.

मुलाखतीसाठी शोआ फाउंडेशनची पद्धत जरूर बघा. 1994 पासून त्यांनी ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेल्यांच्या आणि तो पाहिलेल्यांच्या मिळून 50,000 हून अधिक साक्षी चित्रित केल्या. मुलाखत शक्यतो त्या माणसाच्या घरी, सरासरी दोनेक तास. साधारण 20 टक्के वेळ दुसऱ्या महायुद्धाआधीच्या आयुष्याला, 60 टक्के युद्धकाळाला, 20 टक्के नंतरच्या आयुष्याला. शेवटी घरचे फोटो, आणि चालत असेल तर घरची माणसंही शेजारी येऊन बसायची. टीव्हीवर वेळ कमी पडला की कात्री आधी या पहिल्या आणि शेवटच्या भागावर चालते. माझं ठाम मत आहे की तेच राखलं पाहिजे. गाव, शाळा, बहिणीचं लग्न, शेजाऱ्याशी बांधावरून झालेलं भांडण हे कळलंच नाही, तर काय नाहीसं झालं ते प्रेक्षकाला कळणार कसं? आणि शेवटचा प्रश्न आजच्या आयुष्याबद्दल ठेवा. रवांडातल्या माणसाला हत्याकांडाच्या 1994 मध्येच सोडून तुम्ही लाइट्स आवरायला लागलात, तर त्याची ती रात्र कशी जाईल याचा विचार करा.

दुभाषी म्हणून घरातल्या मुलाला किंवा नातवाला बसवू नका. आईने पोरापासून जे आयुष्यभर लपवलं, ते त्याच्याच तोंडून वदवून घेण्यासारखं आहे ते. बायकांशी लैंगिक अत्याचारांबद्दल बोलायचं असेल तर प्रश्न विचारणारी आणि दुभाषी बाईच हवी, आणि खोलीत गर्दी नको. रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2 सप्टेंबर 1998 रोजी अकायेसू या तिथल्या माजी नगरप्रमुखाच्या खटल्यात बलात्कारही वंशसंहाराचं कृत्य ठरू शकतो असा निकाल दिला, तो अशाच बायकांनी कोर्टात उभं राहून साक्ष दिली म्हणून.

आता फुटेज. ते कोणी आणि कशासाठी शूट केलं, हा पहिला प्रश्न. मे 1942 मध्ये नाझींच्या कॅमेरामननी वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, प्रचारपटासाठी चित्रीकरण केलं. तो पट पुरा झाला नाही, पण त्यातली दृश्यं पुढे अनेक डॉक्युमेंटऱ्यांत अस्सल म्हणून वापरली गेली. 1998 मध्ये आणखी फिल्म सापडली आणि तिच्यात एकाच प्रसंगाचे रीटेक दिसले. म्हणजे भुकेल्या माणसांना धाकाखाली पुन्हा पुन्हा तेच करायला लावलं होतं. कंबोडियात एस-21 तुरुंगातले कैद्यांचे फोटोही तो तुरुंग चालवणाऱ्या ख्मेर रूज राजवटीच्याच माणसांनी काढलेले आहेत. असं काही वापरलंत तर निवेदनात तसं स्पष्ट सांगा.

दुसरं म्हणजे फुटेजमधल्या चेहऱ्यांना घरं आहेत. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात जुलै 1995 मध्ये 8,000 च्या आसपास बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. स्कॉर्पियन्स नावाच्या सर्ब तुकडीने त्यातल्या सहा जणांना मारताना स्वतःच व्हिडिओ काढला होता. जून 2005 मध्ये तो हेगमधल्या युद्धगुन्ह्यांच्या कोर्टात दाखवला गेला, टीव्हीवर आला, आणि एका आईने त्यात आपला मुलगा ओळखला. बातमी म्हणून ते दाखवणं गरजेचं होतं, त्यावरून अटकाही झाल्या. तुमच्याकडे मात्र बातमीची घाई नाही. चेहरा ओळखू येत असेल तर आधी घरच्यांपर्यंत पोहोचा, आणि मरणाचा क्षण वगळून काम भागत असेल तर वगळा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा भागतं.

रवांडात आणखी एक काळजी. हत्याकांडाचे खटले गावागावात चालवणारी गचाचा न्यायालयं 2012 मध्ये बंद झाली. शिक्षा भोगून सुटलेले अनेक जण त्याच टेकड्यांवर, वाचलेल्यांच्या शेजारीच राहतात. त्यामुळे घराकडे जाणारा रस्ता, दुकानाची पाटी, शेजाऱ्याचं फाटक असा जागा ओळखू आणून देणारा एस्टॅब्लिशिंग शॉट साक्षीदाराला महागात पडू शकतो. चॅनलला 7 एप्रिलचं प्रक्षेपण हवं असणार, कारण हत्याकांडाला त्या तारखेला सुरुवात झाली. प्रक्षेपण करा, पण शूट त्या दिवसांत ठेवू नका. वाचलेल्यांना ते आठवडे सर्वात जड जातात.

फायनल कट साक्षीदाराला दाखवा, आणि तोवर नकार द्यायची मुभा त्यांना राहू द्या. निर्माता म्हणेल की एवढा खर्च करून ही जोखीम कशाला. लोक क्वचितच मागे फिरतात. बहुतेक जण एखादं नाव काढायला सांगतात किंवा चुकलेली तारीख दुरुस्त करतात.

तुमच्या एडिटरला रोज सलग दहा तास हे ऐकायला लावू नका. मध्ये दुसरं काम द्या. देवनारच्या टिसची (टाटा समाजविज्ञान संस्थेची) आयकॉल ही समुपदेशन सेवा आहे, तिचा नंबर युनिटमध्ये सगळ्यांकडे असू द्या, साउंडवाल्याकडेही. हेडफोनवर प्रत्येक श्वास तोच ऐकत असतो.

करार अजून झाला नसेल तर प्रोमोच्या कलमाचा मसुदा इथे टाका, मी बघून सांगतो.