वाचकांचे प्रश्न : एक्सपेलरची झीज

प्रश्न : बोदवडजवळ आमची सरकीची ऑइल मिल आहे. दिवाळीनंतर एक्सपेलरमध्ये (सरकी दाबून तेल काढणाऱ्या यंत्रात) नवा वर्म सेट (शाफ्टवर ओळीने बसणारे स्क्रूसारखे आटेदार तुकडे) टाकला; संक्रांत होते न होते तोच पेंडीत तेल राहायला लागलं, तेलात गाळही वाढला. फिटर म्हणतो, पुन्हा सेट बदला. काय करावं?

उत्तर : आधी चेंबर (वर्म ज्यात फिरतात तो भाग) खोलून मापं घ्या. सगळे वर्म सारखे झिजत नाहीत. हॉपरखालचे (सरकी ओततात त्या तोंडाखालचे) वर्म सरकी नुसती पुढे ढकलतात. खरा दाब आणि उष्णता असते ती पेंड बाहेर पडते त्या टोकाला. म्हणून शेवटचे दोन-तीन वर्म आणि कोन (पेंडीची वाट अरुंद करणारा शंकू) आधी जातात. प्रत्येक वर्मच्या आट्याचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि नव्या वर्मच्या मापाशेजारी वहीत लिहा. गेलेत तेवढेच बदला.

मात्र चेंबरच्या पट्ट्या (ज्यांच्या फटींतून तेल गळतं) न तपासता वर्म टाकलेत तर पैसे पाण्यात. पट्ट्यांच्या धारेला अडते म्हणून पेंड पुढे सरकते. धार गोल झाली की पेंड वर्मबरोबर जागच्या जागी फिरते आणि दाब बनत नाही. फटी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघा : सरकी आत येते तिकडे मोठ्या, पेंडीकडे बारीक, साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास. शिम (पट्ट्यांमधली फट ठरवणारे पातळ पत्रे) मशीनच्या तक्त्याप्रमाणेच घाला, अंदाजाने नको.

गाळ मात्र ओल्या सरकीनेही वाढतो. तिचा लगदा होऊन फटींतून बाहेर येतो. चांगली सुकी, गरम केलेली सरकी चालवून पाहा. गाळ उतरला तर दोष ओलीचा. माल तेवढाच, तरी मोटरचे अॅम्पिअर पूर्वीपेक्षा कमी आणि पेंड जाड, मऊ, तर झीज समजा. अशा वेळी कोन आवळत राहण्याची सवय वाईट : पेंड करपते आणि शेवटचा वर्म आणखी लवकर जातो.

इतक्या लवकर झीज होण्यामागे बहुधा माती असते. सरकीला चिकटलेल्या कापसात रेती अडकून राहते आणि चाळणीतून तशीच पुढे जाते. मूठभर सरकी काचेच्या ग्लासात पाण्यात घालून जोरात ढवळा, पाच मिनिटं थांबा. तळाशी रेतीचा थर दिसला तर आधी सफाईवर खर्च करा, वर्मवर नंतर. हॉपरच्या तोंडाशी चुंबक हवाच; जिनिंगमधून आलेले खिळे-तारा त्यावर अडकतात. तो दर पाळीला पुसा, नाहीतर असून नसून सारखाच.

प्रश्न : झिजलेल्या वर्मवर वेल्डिंगने भर टाकली तर चालते का? (शिरपूर)

उत्तर : चालते, नीट केली तर. तेल आणि जळकी पेंड पूर्ण साफ करा. राहिली तर भरीत भोकं पडतात. वर्म जुन्या शाफ्टच्या तुकड्यावर चढवूनच वेल्डिंग करा, नाहीतर भोक आखडतं आणि वर्म शाफ्टवर चढत नाही. मध्यम कार्बनच्या पोलादाचा वर्म 200 ते 300 अंश सेल्सिअस तापवा. खाली 7018 वेल्डिंग रॉडचा थर, वर हार्डफेसिंगचे (झिजेला टिकणाऱ्या कडक भरीचे) दोनच थर. तिसरा सोलून निघतो. भर फक्त आट्याच्या माथ्यावर आणि पेंड ढकलणाऱ्या बाजूवर. मग कोरड्या राखेत पुरून हळूहळू थंड होऊ द्या आणि शेवटी ग्राइंडरने मापात आणा. क्रोमियम कार्बाइडच्या (हार्डफेसिंगचा एक प्रकार) भरीवर केसासारख्या आडव्या भेगा पडतात, त्यांना घाबरू नका. भेग मूळ लोखंडात उतरली असेल तर वर्म भंगारात टाका.

प्रश्न : लाईट गेल्यावर एक्सपेलर भरलेला राहतो. लाईट आली की सुरू होत नाही. (जामनेर)

उत्तर : मोटरने ओढू नका, चावी (पुली शाफ्टवर पक्की धरणारा तुकडा) तुटते किंवा शाफ्ट पिळतो. मेन स्विच बंद करून फ्यूज काढा. चेंबर गरम असतानाच कोन सैल करा आणि पुली हाताने फिरवून पाहा. फिरली तर चेंबर रिकामा करत सुरू करा, नाही फिरली तर चेंबर उघडून पेंड खरवडून काढा. थंड झाल्यावर ती दगडासारखी होते. रोज बंद करतानाही कोन सैल करून, शेवटी थोडी भरड पेंड घालून चेंबर मोकळा करावा.